मोत्याची हजामत

आमचा मोत्या पॉमेरेनियन, अंगभर लोकर. गेल्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदाच पार्लरमध्ये नेलं. "काकू, बारीक मशीन मारू का? उकडतंय त्याला," तिथला मुलगा म्हणाला. मीही मान डोलावली. घरी आला तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर मुंजीतला बटू!"

रात्री मात्र त्याची चाटाचाट थांबेना. सकाळी पाहते तर पोटावर, जांघेत लालबुंद चट्टे, एका ठिकाणी रक्तसुद्धा. सासूबाईंनी हळद-तेल काढलं, मी लहान बाळांच्या पुरळाचं मलम. नशीब, आधी डॉक्टरांना फोन केला.

"वहिनी, काही लावू नका! त्या मलमात बहुतेक वेळा जस्त असतं. चाटलं तर विषबाधा व्हायची."

दवाखान्यात कळलं, मशीनचं पातं चालून चालून तापतं आणि नाजूक कातडी भाजते. चाटून जखम ओली राहते, मग जंतू वाढतात. गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर, गार पाण्याच्या पट्ट्या आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. पाचव्या दिवशी खपली धरली. आणि हो, इतके बारीक केस कापायची गरजच नव्हती म्हणे, ते उन्हापासूनही राखतात!

तणतणत पार्लर गाठलं. मुलगा जेमतेम एकोणीस वर्षांचा. पातं तापतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं भांडण तिथंच विरलं. "मधूनमधून मनगटाला लावून बघत जा रे," एवढंच म्हटलं.

मोत्या मात्र अजून त्या गल्लीच्या तोंडाशी चारी पाय रोवून बसतो.