रक्तातला धूर, शरीरातली आग

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत 'सीआरपी', 'डी-डायमर' हे शब्द तुमच्याही कानांवर पडले असतील. प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावरचे आकडे मोठी माणसे काळजीने एकमेकांना वाचून दाखवीत. हे आकडे नेमके काय सांगत होते? आणि काय सांगू शकत नव्हते?

कोरोना विषाणूची बाधा झालेले बहुतेक लोक चार दिवस ताप-खोकला सोसून बरे होत. काहींची प्रकृती मात्र आठवड्याभराने एकाएकी ढासळे. पहिल्या दिवशी दोघेही सारखेच दिसत. नाकातील स्रावाची तपासणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगे. दुखणे किती वाढेल हे सांगत नसे. म्हणून डॉक्टरांनी रक्तातील खुणा शोधल्या.

यकृताने दिलेली वर्दी

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटते, त्याला सीरम म्हणतात. न्यूमोनियाच्या जंतूंपासून काढलेला 'सी' नावाचा पदार्थ रुग्णाच्या सीरममध्ये मिसळला, की साका तयार होई. रुग्ण बरा झाल्यावर तसे होत नसे. ज्या प्रथिनामुळे हे घडत होते, त्याला पुढे 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन', म्हणजेच सीआरपी, हे नाव मिळाले.

शरीरात कोठेही दाह सुरू झाला, की यकृत हे प्रथिन भराभर तयार करू लागते. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरला बहुधा १० मिलिग्रॅमहून कमी असते. गंभीर संसर्गात ते शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जाते.

ते मोजायचे कसे? येथे आपले भौतिकशास्त्र मदतीला येते. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाका आणि अंधारात त्यातून विजेरीचा झोत सोडा. दुधातील कण प्रकाश विखुरतात. झोताची वाट दिसू लागते आणि पलीकडे पोचणारा प्रकाश मंदावतो. सीआरपीला चिकटणारी प्रतिपिंडे सीरममध्ये मिसळली, की त्यांचे पुंजके होऊन द्रव असाच गढूळ होतो. किती प्रकाश अडला यावरून प्रथिन किती, हे यंत्र ठरवते.

किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे रक्तातील सीआरपीलाही अर्धायुकाल असतो. तो सुमारे १९ तासांचा आहे. यकृताने निर्मिती थांबवली, तर १६० चे १९ तासांनी ८० होतील आणि आणखी १९ तासांनी ४०. दोन दिवसांनंतरही आकडा १६० वरच असेल, तर आग अजून धुमसते आहे असे समजावे. म्हणूनच एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची!

गुठळीचा तुकडा

रक्ताची गुठळी विरघळताना जे तुकडे सुटतात, त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. गंभीर कोविडमध्ये फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, म्हणून हे तुकडे वाढतात. चीनमधील वूहान येथील १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ५४ जण दगावले होते. दाखल होतानाच ज्यांचे डी-डायमर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमहून जास्त होते, त्यांना मृत्यूचा धोका पुष्कळ अधिक असल्याचे आढळले.

धूर दिसला, पण कशाचा?

धूर वणव्याचा असतो, तसा चुलीचाही असतो. सीआरपी जखमेने किंवा शस्त्रक्रियेनेही वाढते. डी-डायमर गरोदरपणातही वाढते. शिवाय 'धोका अधिक' हे विधान रुग्णांच्या समूहाविषयी असते. एका माणसाचे भवितव्य त्यातून ठरत नाही.

मग आकड्यांचा उपयोग कसा करावा? ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीत टोसिलिझुमॅब हे औषध तपासताना दोन अटी एकत्र लावल्या होत्या: रक्तातील ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. औषध दिलेल्या शंभरांपैकी ३१ जण २८ दिवसांत दगावले. न दिलेल्यांपैकी ३५. त्याच चाचणीने २०२० मध्ये दाखवले होते, की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना त्याचा फायदा होत नाही.

म्हणजे सौम्य आजारात केवळ आकडा वाढला म्हणून स्टेरॉइड घेणे घातक ठरू शकते. २०२१ मध्ये स्टेरॉइडांचा अतिवापर आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रातही अनेकांना गाठले. काहींचे डोळे गेले, काहींचे प्राण.

तेव्हा घरी रक्ताचा अहवाल आला, की तीन प्रश्न विचारा. हा आकडा कशाचा? कालपेक्षा तो वाढला की घटला? आणि रुग्णाची स्थिती कशी आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसते. त्यासाठी रुग्णाला तपासणारा डॉक्टरच हवा.