फ्लूची लस: ताकद मोजण्याची ऐंशी वर्षं

ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. सोलापूर-पुणे रोजची ये-जा, त्यामुळे इथेही एकच प्रश्न होता: लस कधी येणार? ती अडली होती मोजमापापाशीही, हे मात्र फारसं कुणी बोललं नाही.

फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, हे 1941 मध्ये जॉर्ज हर्स्ट यांनी दाखवलं. पुढे तीसेक वर्षं लसीची ताकद त्याच गुणावर ठरली. पण विषाणू अखंड की फोडलेला, यावर आकडा बदलायचा. 1976 च्या अमेरिकी लसीकरण मोहिमेत सारख्याच मापाच्या दोन प्रकारच्या लसींना मुलांच्या शरीराने सारखा प्रतिसाद दिला नाही.

तोवर लंडनमध्ये शिल्ड आणि वुड यांनी वेगळी वाट काढली होती. अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये मेंढीचं प्रतिद्रव्य मिसळायचं, बारीक खळगे पाडून त्यात लस घालायची. लसीतलं हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन पसरतं, प्रतिद्रव्याला भिडतं आणि खळग्याभोवती कडं उमटतं. निळ्या रंगात ते स्पष्ट होतं. मग त्याचा व्यास मोजून प्रमाणित नमुन्याशी ताडायचा. एका डोसात विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं 15 मायक्रोग्रॅम हीमॅग्लुटिनिन, हा दंडक याच कड्यांवर उभा आहे.

पण विषाणू बदलला की प्रतिद्रव्यही नवं लागतं. शुद्ध प्रथिन काढा, मेंढीला टोचा, आठवडे थांबा. ही सामग्री ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जपान इथल्या मोजक्या प्रयोगशाळांतूनच जगाला मिळते. 2009 मध्ये कारखान्यांत लस होती आणि ती मोजायचं साधन वाटेत होतं. एवढ्या मोठ्या देशाने त्यासाठी परदेशाकडे डोळे लावून बसावं, हे मला आजही खटकतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जुलै 2010 मध्ये आणलेल्या नाकावाटे घ्यायच्या ‘नॅसोव्हॅक’ला ही अडचण नव्हती. ती जिवंत विषाणूची लस. तिची पातळ-पातळ द्रावणं कोंबडीच्या फलित अंड्यांत टोचायची आणि किती अंड्यांत विषाणू वाढला ते पाहायचं. निम्म्या अंड्यांना बाधा करणारी मात्रा हे एकक धरलं, तर एका डोसात अशी किमान एक कोटी एककं हवीत.

आता मास स्पेक्ट्रोमेट्री मेंढीवाचून प्रथिन मोजते, तेही लवकर. पण उष्णतेने घडी मोडलेलं प्रथिनही ती मोजणीत धरते. कडं मुख्यतः शाबूत प्रथिनाचंच उमटतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात लस 2 ते 8 अंशांत सांभाळावी लागते; ती तापून बिघडली, तर ते कड्यातच दिसेल. म्हणून नव्या यंत्रांचं स्वागत करतानाही कड्यांची ही जुनी चाचणी इतक्यात सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.