स्पर्शाविना संगणकाला आज्ञा : सूक्ष्मतरंगांचा नवा उपयोग

भातशेती आणि भातगिरण्या ही गोंदिया जिल्ह्याची ओळख होय. गिरणी म्हटली की तूस, कोंडा आणि धूळ आलीच. रंगहीन दाणे वेगळे काढणाऱ्या सॉर्टेक्ससारख्या यंत्रांमुळे संगणकही गिरणीत आला आहे. परंतु माखलेल्या किंवा ओल्या हाताने पडद्यास स्पर्श केल्यास आज्ञा चुकण्याचा संभव असतो. पडद्यास हात न लावता आज्ञा देता आली तर? अल्पमोली सूक्ष्मतरंग संवेदक हे कार्य करू शकतात.

तत्त्व जुनेच

गोंदिया जंक्शनवर येणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. हाच डॉप्लर परिणाम होय. आगपेटीएवढा संवेदक सेकंदाला सुमारे १०.५ अब्ज कंपनांचे तरंग सोडतो. हलणाऱ्या हातावरून परतलेल्या तरंगांच्या कंप्रतेत किंचित फरक पडतो. हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने संवेदकाकडे आला, तर हा फरक सेकंदाला सुमारे ३५ कंपने इतका असतो. तो मोजून संगणक हालचाल ओळखतो.

आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अशाच अल्प लांबीच्या तरंगांनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. हे तरंग प्लास्टिकमधूनही आरपार जातात. त्यामुळे संवेदक बंद पेटीत ठेवता येतो. धूळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काही शे रुपयांत तो मिळतो.

मर्यादा

स्थिर हात या संवेदकास कळत नाही. फिरता पंखा किंवा हलता पट्टाही त्याला हातासारखाच भासू शकतो. एकच संकेत देणारा साधा संवेदक हात जवळ येतो की दूर जातो हे सांगू शकत नाही. त्यासाठी दोन संकेत देणारा संवेदक लागतो. म्हणून दोन-तीन ठळक हातवारेच योजणे इष्ट. बोटांच्या सूक्ष्म हालचाली टिपण्यासाठी ६० अब्ज कंपनांचे रडार वापरतात. २०१९ साली असे रडार असलेला पिक्सेल ४ हा दूरध्वनी भारतात विक्रीस आला नाही. त्या कंप्रतापट्ट्याच्या वापरास तेव्हा येथे मोकळीक नव्हती.

एक दक्षता मात्र अनिवार्य आहे. यंत्र तातडीने थांबविण्याचे काम हातवाऱ्यावर कदापि सोपवू नये. त्यासाठी हाताने दाबावयाचे लाल बटण राहिलेच पाहिजे, कारण तेथे चुकलेल्या संकेताची किंमत कामगाराच्या हातापायाने मोजावी लागेल.

तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी असे प्रयोग हाती घेतल्यास, अल्प खर्चाचे हे साधन गिरणीच्या गरजेनुसार घडविता येईल.