चोच सरळ की वाकडी?

मागच्या हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या पक्ष्यांच्या आमच्या यादीतून मला एक नाव खोडावे लागले. नाव होते कर्ल्यूचे. ते मीच लिहिले होते, आणि पुरावा म्हणून जोडलेले छायाचित्रही मीच काढलेले होते. चूक दाखवून दिली ती नववीतल्या एका मुलीने. मग त्या चुकीचा माग काढताना लेन्स, कॅमेरा आणि मधली हवा या तिघांचीही झडती घ्यावी लागली. भिंगाचा धडा शिकवताना उपयोगी पडेल असे त्यातून बरेच निघाले, म्हणून हा लेख.

आधी जागेविषयी थोडेसे. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे गाळ साठत गेला आणि उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती अशी पक्ष्यांना मानवणारी जागा तयार झाली. १९८६ साली ते अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत त्याचा रामसर पाणथळ जागांच्या यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अशा गणनेत चुकीचे नाव गेले तर ते पुढे वर्षानुवर्षे कागदावर राहते. म्हणून आमच्या छोट्या यादीचीही काळजी घ्यायला हवी.

तालुक्यातल्या एका शाळेचे विज्ञानशिक्षक आणि त्यांची बारा मुले माझ्याबरोबर होती. शाळेला एका माजी विद्यार्थ्याने वापरलेला मिररलेस कॅमेरा आणि ५५-२१० मि.मी.ची झूम लेन्स दिली होती. वजनाला हलकी, किमतीला परवडणारी. सरांनी विचारले, “मॅडम, पक्ष्यांसाठी लोक हाताएवढ्या लेन्स वापरतात. हिने जमेल का?” मी म्हटले, “बघू या.”

लेन्सवरचे आकडे काय सांगतात? २१० मि.मी. हे नाभीय अंतर. तुमच्या प्रयोगशाळेत २० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग असेलच. अंधाऱ्या खोलीत उघड्या खिडकीसमोर ते धरा आणि मागे पांढरा कागद पुढेमागे करा. दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर पडेल. १०० मीटरवरचे १० मीटर उंचीचे झाड कागदावर २ सें.मी. उंच दिसते. प्रतिमेची उंची भागिले नाभीय अंतर हे वस्तूची उंची भागिले वस्तूचे अंतर याच्याएवढे असते; दूरच्या वस्तूंसाठी एवढे पुरेसे आहे. त्या महागड्या दिसणाऱ्या नळकांड्यात, सर्वांत लांब टोकाला, प्रतिमेचा आकार तुमच्या या भिंगाएवढाच असतो. फरक आहे तो प्रतिमेच्या स्वच्छतेत. एकाच भिंगात रंगांच्या कडा सुटतात आणि कोपरे पसरट होतात. ते दोष एकमेकांना खोडावेत म्हणून लेन्समध्ये अनेक भिंगे असतात.

(एक शंका मुलांनी काढावी अशी माझी इच्छा असते: २१० मि.मी. नाभीय अंतराची लेन्स २१ सें.मी.पेक्षा आखूड कशी? पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र गट ठेवला की किरण उशिरा एकत्र येतात, जणू भिंग आणखी पुढे आहे. टेलिफोटो या शब्दाचा खरा अर्थ हाच. केप्लरने ही जोडणी १६११ मध्येच सांगितली होती. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ती यायला १८९१ उजाडले.)

आता प्रतिमा पडते ती कागदाऐवजी संवेदकावर. आमच्या कॅमेऱ्याचा संवेदक २३.५ मि.मी. रुंद आणि त्यावर ओळीत ६००० पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रोमीटरचा. दुकानदार सांगतो, “ही लेन्स ३१५ची ताकद देते.” यात पाऊण सत्य आहे. छोटा संवेदक प्रतिमा मोठी करत नाही, ३६ मि.मी. रुंदीच्या जुन्या फिल्मच्या मानाने तो कडा कापून टाकतो, एवढेच. प्रतिमा आहे तेवढीच राहते. पक्ष्याला किती पिक्सेल मिळाले हे पाहावे, बाकीची जाहिरात सोडून द्यावी.

४० सें.मी. लांबीचा पक्षी १०० मीटरवर उभा असेल तर त्याची प्रतिमा ०.८४ मि.मी. होते, म्हणजे सुमारे २१५ पिक्सेल. ओळखायला पुष्कळ. २०० मीटरवर ते १०८ होतात. तेव्हा एक पिक्सेल म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचे ३.७ मिलिमीटर. चमचा, रंगीत करकोचा, शेकाट्या यांना एवढे पुरते. माझी फजिती झाली ती चोचीपाशी.

गॉडविटची चोच लांब आणि जवळजवळ सरळ असते. कर्ल्यूची खाली वाकलेली. दोघेही हिवाळी पाहुणे, दोघेही चिखलात चोच खुपसणारे, दोघांचेही रंग लांबून मातकट. गॉडविटची चोच दहा सेंटिमीटरच्या आसपास आणि मध्यावर जेमतेम ७-८ मिलिमीटर जाड. २०० मीटरवरून ती आमच्या संवेदकावर २७ पिक्सेल लांब आणि दोन पिक्सेल जाड पडली. दोन पिक्सेलच्या रेषेचा बाक पाहून मी पक्षी ठरवला! वेळ होती सकाळी अकराची.

त्या दुपारी मुले संगणकावर छायाचित्रे पाहत होती. मी पक्ष्याची ओळीने नऊ छायाचित्रे घेतली होती आणि त्यांतले एकच निवडून यादीला जोडले होते. ती मुलगी म्हणाली, “बाई, तिसऱ्या फोटोत चोच वाकडी आहे. चौथ्यात सरळ. सहाव्यात तर वर गेलीय.” सगळे हसले. मलाही हसावे लागले. पक्ष्याची चोच एका सेकंदात दोनदा आकार बदलत नाही.

सरांचा पहिला संशय स्वस्त लेन्सवर गेला. संशय घेण्याजोगा होता, म्हणून हिशेब केला. या लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र लांब टोकाला एफ/६.३, म्हणजे २१० भागिले ६.३, सुमारे ३३ मि.मी. व्यासाचे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे अगदी निर्दोष लेन्ससुद्धा बिंदूचा बिंदू काढू शकत नाही. विवर्तनामुळे छोटी तबकडी होते. एफ/६.३ला तिची त्रिज्या ४.२ मायक्रोमीटर येते. म्हणजे साधारण एक पिक्सेल. या छिद्राची लेन्स कितीही पैसे मोजून बनवली तरी यापलीकडे जाणार नाही. आमची लेन्स चित्राच्या मध्यभागी या मर्यादेपासून फार दूर नव्हती. कोपऱ्यांत मात्र ती ढिली पडते आणि फांद्यांना जांभळी कड येते. उपाय सोपे: पक्षी मध्यावर ठेवावा आणि उजेड असेल तर छिद्र एफ/८ करावे. एफ/१६पर्यंत जाऊ नये. तिथे तबकडीची त्रिज्या पावणेअकरा मायक्रोमीटर होते आणि सगळेच चित्र मऊ पडते. शिवाय, लेन्सचा दोष सर्व चित्रांत सारखा दिसायला हवा. इथे तो दर चित्रात बदलत होता.

दुसरा संशय हात हलण्याचा. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय हाताचा कंप बराच सावरते. पक्ष्याची हालचाल तिला थांबवता येत नाही. सेकंदाला अर्धा मीटर चालणारा पक्षी १०० मीटरवर संवेदकावर सेकंदाला सुमारे २७० पिक्सेल सरकतो. शटर १/२५० सेकंद असेल तर एक पिक्सेल, हरकत नाही. सेकंदाला १५ मीटर वेगाने उडणारे बदक मात्र ८००० पिक्सेल सरकते, आणि १/१००० सेकंदातही आठ पिक्सेलची रेघ उमटते. म्हणून उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत न्यावा लागतो. आमचा पक्षी उभा होता आणि शटर १/१००० सेकंद होते. हाही आरोपी सुटला.

उरली हवा. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००३, आणि तापमान एक अंशाने वाढले की तो दहा लाखांत साधारण एकाने कमी होतो. इतक्या क्षुल्लक बदलाने काय होणार? समजा, चिखलावरच्या हवेत उंचीच्या दर मीटरला एका अंशाचा फरक आहे. २०० मीटरच्या वाटेत किरण इतका वाकतो की पक्षी आपल्या जागेपासून सुमारे दोन सेंटिमीटर सरकलेला दिसतो. संवेदकावर ते पाच पिक्सेल होतात. सगळा पक्षी सारखाच सरकला असता तर बिघडले नसते. पण ऊन तापले की जमिनीवरून उष्ण हवेचे छोटे छोटे गोळे उठतात, आणि चोचीच्या टोकासमोर एक तर मुळासमोर दुसरा येतो. टोक एक सेंटिमीटर खाली गेले की गॉडविटचा कर्ल्यू होतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दाखवणारी हवा ती हीच.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लाखो रुपयांच्या लेन्सलाही याच हवेतून पाहावे लागते. एफ/२.८ची लेन्स एफ/६.३च्या पाचपट प्रकाश घेते, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तो प्रकाश खरोखर कामी येतो. पण अकरा वाजता, २०० मीटरवर, चिखलापलीकडच्या पक्ष्याची चोच तिलाही डुलतानाच दिसेल, फक्त अधिक मोठी.

मग जायचे केव्हा? थंड वेळी, हे उघड आहे. पण त्यातही मेख आहे. निफाडची जानेवारीतली पहाट कडाक्याची असते, आणि तेव्हा पाणी हवेपेक्षा उबदार असते. पाण्यावरून वाफ उठते आणि चित्र थरथरतेच. माझ्या अनुभवात धुके विरल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ चांगला. आभाळ असेल तर त्यानंतरही. उन्हाळी छायाचित्रांचा जुना नियम वापरला तर भर उन्हात एफ/६.३ला आणि आयएसओ १००ला शटर साधारण १/६५० सेकंद मिळते. सकाळी उजेड त्याच्या एक अष्टमांश धरला तर १/१००० सेकंदासाठी आयएसओ १२०० ते १६०० लागतो. चित्रात थोडे दाणे दिसतात. दिसू द्यावेत. दाणेदार सरळ चोच गुळगुळीत वाकड्या चोचीपेक्षा बरी.

गाडीतून फोटो घेणाऱ्यांसाठी एक आडची सूचना. बाहेर थंडी आणि गाडीत उबारा असेल तर उघड्या खिडकीतून उबदार हवा लेन्ससमोरच बाहेर पडते आणि थरथर घरचीच होते. इंजिन आणि हीटर बंद करून काही मिनिटे थांबावे. माझी एक अख्खी सकाळ यात गेलेली आहे.

कॅमेरा मिररलेस असण्याचा फायदा काय, हेही मुलांनी विचारले. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असे, त्यामुळे लेन्स आणि फिल्म यांत जागा ठेवावी लागे. निकॉनच्या जुन्या पद्धतीत ती ४६.५ मि.मी. आहे, सोनीच्या मिररलेस पद्धतीत १८ मि.मी. मधल्या २८.५ मि.मी.ची कडी बसवली की काकांच्या कपाटातली तीस वर्षांपूर्वीची झूम लेन्सही चालते, फोकस हाताने करायची तयारी हवी. दुसरे म्हणजे नेत्रिकेत संवेदकाचेच चित्र दिसते. ते दहापट मोठे करून चोच पाहता येते, आणि हवा थरथरत असेल तर बटण दाबण्याआधीच कळते. मी त्या दिवशी तसे पाहिले असते, तर! स्वयंचलित फोकस बरेचदा पुढच्या लव्हाळ्यावर अडतो. तेव्हा फोकसचा चौकोन लहानात लहान करावा. पक्षी आधी ५५ मि.मी.ला शोधावा आणि मगच झूम करावे, नाहीतर मुले आभाळच शोधत बसतात.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. त्याच काठावर, आठ वाजून दहा मिनिटांनी. पक्ष्यांचा थवा पाण्याच्या अलीकडच्या कडेला, सुमारे ९० मीटरवर होता. प्रत्येक पक्ष्याची दहा-दहा छायाचित्रे घेतली आणि दहाही समोर ठेवून पाहिली. चोचींची लांबी साधारण साठ पिक्सेल भरली, आणि सगळ्या सरळ. एक पक्षी उडाला तेव्हा शेपटीचा काळा पट्टा आणि पंखावरची पांढरी पट्टी स्पष्ट दिसली. काळ्या शेपटीचा गॉडविट. पलीकडच्या बेटावर आणखी एक लांब चोचीचा पक्षी एकटा उभा होता. सरांनी अंतर मोजले, ३०० मीटरच्या पुढे. मुलांनी यादीत लिहिले: ‘लांब चोचीचा पाणपक्षी, १, ओळख पटली नाही, सकाळी ८.४०’.