सॅमनच्या जागी मरळ

थंड पाण्यातला सॅमन आदिलाबादेत गोठवलेलाच येणार. त्यापेक्षा मरळ घ्या. तेलंगणचा हा राज्यमासा गोड्या पाण्यातला, घट्ट मांसाचा आणि कमी काट्यांचा. सॅमनमध्ये चरबी भरपूर, मरळीत ती फारच कमी. म्हणून तुकड्यांना लोणी चोळून, भांडे झाकूनच ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला भाजा, नाहीतर मासा कोरडा पडतो. आत ६३ अंश झाले की शिजला. सॉससाठी अळिंबी आधी नुसती परतून तिचे पाणी आटवा, मग नाशिकची पांढरी वाईन ओतून निम्मी होऊ द्या. शेवटी मंद आचेवर साय. आटल्यावरही थोडे मद्य उरतेच, तेव्हा मुलांना हा सॉस नको. पावसाळ्यातली रानची अळिंबी चवीला सरस, पण जाणकाराने ओळखल्याशिवाय ती चुलीवर चढवू नका.