पाहुणे आले, आता जेवावयास कोठे न्यावे?

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहरातून, वेरूळची लेणी पाहावयास निघालेल्या मनुष्याने छावणी मागे टाकली की त्यास पडेगाव लागते. पुढे मिटमिटा, शरणापूर, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद आणि मग वेरूळ. रस्ता हाच असल्यामुळे पडेगावात ज्यांचे घर आहे त्यांच्या नशिबी पाहुणे अटळ होत. जाताना ते चहास थांबतात आणि येताना जेवणास. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी तो नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये ठाणे जिल्ह्यात आमणेपर्यंत पोचला, आणि त्यावरून खाली उतरण्याची एक वाट माळीवाड्यास, म्हणजे आमच्या ह्याच रस्त्यावर आहे. पूर्वीचे आप्त आठ दिवस आधी पत्र टाकून येत. हल्लीचे आप्त तासाभराच्या अंतरावरून "येतोच आहोत" एवढे कळवितात, आणि त्यांच्या मोटारीतून पाच-सहा माणसे उतरतात.

अशा वेळी यजमानापुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहो. पाहुण्यांना बाहेर जेवावयास न्यावे काय, आणि न्यावयाचे तर कोठे?

पहिल्या प्रश्नावर घरोघरी दोन तट आहेत. जुन्या माणसांच्या मते घरी चूल पेटत असता पाहुण्यास हॉटेलात नेणे म्हणजे घराची अब्रू रस्त्यावर मांडणे होय. ह्या मताविषयी आम्हांस आदर आहे. परंतु हे मत मांडणारे बहुधा पाटावर बसलेले असतात, चुलीपाशी नव्हे. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबात अवचित सहा माणसांची भर पडली म्हणजे काय होते हे ज्या सुनेस पुरणपोळ्यांच्या दुसऱ्या घाण्याला बसावे लागते तिलाच विचारावे. पाहुणे कैलास लेणे पाहून येतात, आणि ज्यांच्या घरी ते उतरतात त्या घरातील स्त्रियांनी ते लेणे चार-चार वर्षांत पाहिलेले नसते! आतिथ्याचे पुण्य सगळ्या घराने घ्यावे आणि त्याची किंमत दोन बायकांनी द्यावी, हा हिशेब आम्हांस काही केल्या पटत नाही. तेव्हा एक जेवण घरी आणि एक बाहेर, आणि बाहेरच्या जेवणास घरातील सर्व बायकांनी सोबत यावयाचे, असा नियम आम्ही आमच्या घरी घातला आहे. सोबत यावयाचे ह्या शर्तीवर आमचा विशेष कटाक्ष आहे. पुरुष पाहुण्यांना घेऊन बाहेर जातात आणि बायका घरी मागची आवराआवर करतात, ह्याला काही सुधारणा म्हणत नाहीत.

आता कोठे न्यावे हा प्रश्न. येथे आमची कसोटी साधी आहे: जी वस्तू आपल्या घरी होत नाही आणि पाहुण्याच्या गावीही मिळत नाही, तीच त्यास दाखवावी. ही कसोटी लावली म्हणजे निम्मी पाटी पुसली जाते. वेरूळच्या रस्त्यावरील ढाब्यांत पनीरच्या लालभडक भाज्या मिळतात; त्या अमृतसरच्या रस्त्यावर आणि बंगळूरच्या रस्त्यावरही अशाच मिळतात. शहरातील थाळीगृहांत राजस्थानी वाट्यांची रांग पुढे येते, वाढपी आग्रह उत्तम करतात, आणि पोट भरते ह्यात संशय नाही. परंतु पुण्याच्या पाहुण्याने येथवर येऊन दालबाटी खावी आणि येथील ज्वारीचे धपाटे व येसराची आमटी ह्यांची चवही न घेता परत जावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. येसर म्हणजे धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले पीठ; मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीस ह्याच्या आमटीवाचून रंग चढत नाही. ती मात्र घरीच करावी. एका भोजनगृहात ती आम्ही एकदा मागविली. आली ती तिखट डाळ होती.

घरी होत नाही व परगावी मिळत नाही अशी ह्या शहराची पहिली वस्तू म्हणजे नान. त्याचे नाव घेताच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, कारण नानाचा जोडीदार खलिया हा मांसाचा रस्सा आहे आणि नान-खलिया हे ह्या शहरातील मुसलमान समाजाच्या लग्नसमारंभांचे मानाचे जेवण आहे. परंपरा अशी सांगते, की १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा हजारो माणसांना एकदम जेवू घालण्यासाठी लष्कराच्या तळावर हे जेवण निघाले. दंतकथेचा भाग त्यात असो वा नसो, घाऊक स्वयंपाकाच्या खुणा ह्या अन्नावर स्पष्ट आहेत. खलिया मोठाल्या देगांतून शिजतो आणि नान भट्टीतून डझनांनी निघतात.

ती भट्टी पाहण्यासारखी आहे. जुन्या शहरात शहागंजाच्या बाजूस गेले असता नानाची दुकाने दिसतात. आंबवलेल्या मैद्याचा गोळा हातांनी पसरून त्यावर हळद व गूळ ह्यांच्या पाण्याचा हात फिरवितात. भट्टीच्या आतल्या तापलेल्या भिंतीस तो थापतात. आणि थोड्याच वेळात लांब सळईने ओढून काढतात, तेव्हा त्यावर सोनेरी पिवळी झाक आलेली असते. पोटात कापसासारखा मऊ, पाठीवर खमंग, किंचित गोड. पुणेकरांच्या पावाशी ह्याचे नाते आहे, पण ते दूरचे आहे.

आमच्या वयोवृद्ध आत्याबाई ह्या विषयात कडव्या. "त्या भट्टीतले घरात आणायचे नाही, सांगून ठेवते," असे त्या वर्षानुवर्षे म्हणत आल्या. दोन वर्षांपूर्वी नागपूरची मंडळी आली असता मुलींनी आग्रह करून त्यांनाही सोबत नेले. त्या मोटारीतून उतरल्या, पदर सावरून भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी भट्टीवाल्याची उलटतपासणी आरंभिली. पीठ कोणते? आंबवता कशाने? वरून काय लावता? अंडे घालता काय? तो वयस्क गृहस्थ हात न थांबविता म्हणाला, "माँजी, आमच्याकडे अंडे नाही. पण दुसरीकडे घ्याल तर विचारूनच घ्या." ह्या शेवटच्या वाक्याने आत्याबाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. "खोटे बोलणारा असता तर दुसऱ्याचे कशाला सांगता?" असे त्या परतताना म्हणाल्या. त्या दिवशी नान घरी आले, आणि घरच्या येसराच्या आमटीत बुडवून सर्वांनी खाल्ले. आत्याबाईंनी अर्धा घेतला, तोही दुधात, परंतु घेतला. नान आणि येसराची आमटी ही जोडी तेव्हापासून आमच्या घरी रूढ झाली आहे. ती कोणत्याही उपाहारगृहात मिळत नाही, हे आम्ही किंचित अभिमानाने सांगतो. अंड्याविषयी त्या गृहस्थाचा सल्ला वाचकांनीही पाळावा.

पाहुणा मांसाहारी असल्यास काय करावे, असा प्रश्न अनेक शाकाहारी घरांत न बोलता गिळला जातो. आमचे मत विचाराल तर त्याच्या तोंडास कुलूप घालण्याचा आपणांस अधिकार नाही. ह्या शहरात येऊन खलिया न खाता परत जाण्यात त्याचे नुकसान आहे. त्यास चांगले दुकान दाखवावे, आपण समोर बसून नान खावा, आणि नाक मुरडू नये. जेथे पाण्याच्या बळावर चालणारी पाणचक्की यात्रेकरू व फकीर ह्यांच्यासाठी धान्य दळत असे, त्या शहरात परस्परांच्या पानाविषयी इतकी सहिष्णुता अशक्य नसावी.

गोड पदार्थासाठी मात्र वाद नको. तेथे सर्व तट एक होतात. गुलमंडीवर जावे आणि इमरती घ्यावी. इमरतीस जिलबीची बहीण समजणारे लोक आहेत, पण दोघींचे कूळ निराळे. जिलबी आंबवलेल्या मैद्याची. इमरती भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीची. जिलबी कुरकुरीत व आंबूस, इमरती जाड, मऊ आणि पाकाने तुडुंब. डाळ फेसून हलकी झाली नाही तर इमरती दडस होते, आणि पाक पातळ राहिला तर ती विरघळून बसते. म्हणून घरी करण्याच्या फंदात पडू नये. उत्तम मिठाई भांडाराची इमरती आम्हांस पसंत आहे. कढईतून निघालेली, गरम असतानाच, तेथेच उभे राहून खावी. पुड्यात बांधून मुंबईस नेलेली इमरती ही केवळ साखर असते.

जेवणानंतर विडा हवा असल्यास उस्मानपुऱ्यातील तारा पान सेंटर सर्वपरिचित आहे. तेथील पाच हजार रुपयांच्या विड्याचा गवगवा देशभर झाला. पाहुण्यांना त्याची पाटी दाखवून साधा मसाल्याचा विडा खिलवावा. गंमतही होते आणि घरखर्चही शाबूत राहतो.

मद्यगृहांविषयी आम्ही काहीच लिहिले नाही अशी तक्रार तरुण वाचक करतील. ह्याच शहराच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बीअरचे मोठमोठे कारखाने आहेत आणि त्यांचा माल दूरदूर जातो, हे आम्ही जाणतो. परंतु आमची कसोटी येथेही लागू आहे. जी बाटली पाहुण्याच्या गावी कोपऱ्यावर मिळते ती दाखविण्यासाठी त्यास येथे नेण्यात विशेष काय? ज्यास हवे असेल त्याने परवान्याच्या जागी जावे, कायद्याने बीअरसाठी एकवीस व कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची मर्यादा आहे ती पाळावी, आणि मोटार दुसऱ्याच्या हाती द्यावी. दौलताबादचा घाट अरुंद आहे आणि तो कोणाचीही गय करीत नाही.

आता ज्या भोजनगृहास भिंती नाहीत, पाटी नाही आणि ज्याची सर कशासही येणार नाही, त्याकडे वळू. रब्बीच्या ज्वारीच्या कणसांत दाणा भरला पण पिकला नाही, असे जे थोडे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतात, त्या दिवसांत येणारा पाहुणा भाग्यवान. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवावी, निखाऱ्यांत कणसे खुपसावीत, आणि भाजलेले कणीस तळहातांत चोळून हिरवा, गरम, गोडसर हुरडा पानावर पडावा. सोबत शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, दही, गूळ. गूळभेंडी आणि सुरती ह्या हुरड्यासाठी नावाजलेल्या जाती होत. मळणीच्या ज्वारीचा हुरडा पुढे करणारेही भेटतात, त्यांना दुरूनच नमस्कार करावा. शहराभोवती आता पैसे घेऊन हुरडा देणारी शेते पुष्कळ झाली आहेत. त्यांत झोपाळे, उंटाची सफर आणि कर्णे लावून गाणी असतात. आमचा सल्ला असा, की ज्या शेतात कर्णा नाही ते शेत निवडावे. ओळखीचा शेतकरी असेल तर प्रश्नच मिटला. त्याच्या घरी मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये आणि त्याने नको म्हटले तरी मोबदला ठेवून यावे, कारण हुरड्यासाठी मोडलेले प्रत्येक कणीस त्याच्या कोठीतून वजा होत असते. येथेही बायकांनी बसावे व पुरुषांनी कणसे चोळावीत. तळहात भाजतात, पण उपयोगी पडतात. हुरडा जड असतो. वरून ताक प्यावे आणि रात्रीचे जेवण विसरावे.

हंगाम चुकला तरी रस्ता अगदीच रिता नसतो. पावसाळा सरता सरता दौलताबादच्या बाजूस सीताफळांच्या टोपल्या मांडून बायका बसतात. पुढे पेरू येतात. दौलताबादी अंजिराची तर स्वतंत्र जातच प्रसिद्ध आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी, दगडी तटाच्या सावलीत बसून सीताफळ खाणे ही आम्ही आमच्या बहुतेक पाहुण्यांना घडविलेली न्याहारी होय. घासाघीस करणाऱ्या पाहुण्यास तेवढ्यापुरते गप्प बसवावे.

एक बेत राहिला. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे ठाऊक नसल्याने कित्येक मंडळी हिरमुसली होऊन आमच्याकडे परततात; त्यांच्यासाठी गुलमंडी आहेच. परंतु तारीख आपल्या हाती असेल तर पाहुण्यांना चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बोलवावे. त्या रात्री हनुमान जयंतीच्या निमित्ताने शहरातून असंख्य लोक पायी खुलताबादेस, भद्रा मारुतीच्या दर्शनास जातात. निद्रिस्त मारुतीची ती मूर्ती. वाट सुमारे पंचवीस किलोमीटरांची, आणि ती आमच्या पडेगावातून जाते. श्रावणातल्या शनिवारीही ही पायपीट असते, पण चैत्रातली रात्र निराळी. रस्त्याच्या दोहों बाजूंस मांडव पडतात आणि चालणारांस चहा, पाणी, फराळ मिळत राहतो. कोणी कोणाची जात विचारीत नाही, पैसे विचारीत नाही. आमच्या घरची मंडळी त्या रात्री दारापुढे ताकाचा माठ मांडतात, आणि पाहुणे मंडळी पेले भरतात. मागच्या खेपेस मुंबईच्या एका वकील गृहस्थांनी पहाटे तीनपर्यंत पेले विसळले. सकाळी त्यांना नान आणून दिले, तर ते आमटीची वाट न पाहता दोन कोरडेच खाऊन झोपले.