टपालाची चाळणी

समजा, तुमच्या मोठ्या आपाने नर्सिंगच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आहे. प्रवेशाचे पत्र ई-मेलने येणार आहे. आपा रोज मोबाइल उघडते आणि आलेल्या पत्रांची यादी पाहते. पण ते पत्र काही दिसत नाही. दोन आठवडे जातात. शेवटी ती चौकशीसाठी महाविद्यालयात जाते. तेथील कारकून म्हणतात, "पत्र तर दहा दिवसांपूर्वीच पाठवले. पैसे भरण्याची मुदत काल संपली!" आपा घरी येऊन पुन्हा शोधते. तेव्हा ते पत्र 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात पडलेले सापडते.

पत्र वेळेवर आले होते, पण आपापर्यंत पोहोचले नव्हते. ते त्या कप्प्यात कोणी टाकले? आणि का?

न मागता, एकाच वेळी हजारो लोकांना पाठवलेल्या निरुपयोगी पत्रांना स्पॅम म्हणतात. त्याची सुरुवात फार जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या कर्मचाऱ्याने सुमारे ४०० लोकांना एकच जाहिरात पाठवली. त्या वेळी इंटरनेट नव्हते. त्याच्या आधीचे 'अर्पानेट' नावाचे जाळे होते. पत्र मिळालेल्यांपैकी अनेकांनी तक्रारी केल्या. पण ई-मेल पाठवायला तिकीट लागत नाही, पाकीट लागत नाही. त्यामुळे पुढे अशा पत्रांचा पूर आला. कोणी औषधे विकतो, कोणी खोट्या लॉटरीचे आमिष दाखवतो, तर कोणी बँकेचे नाव घेऊन फसवतो.

हा कचरा अडवण्यासाठी ई-मेलच्या सेवेत एक चाळणी बसवलेली असते. ती म्हणजे एक संगणकीय कार्यक्रम. तो प्रत्येक पत्र तपासतो. पत्र कोठून आले? पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे की बनावट? त्याच ठिकाणाहून पूर्वी कचरा आला होता का? पत्रासोबत एखादी धोकादायक फाइल आहे का? असे अनेक प्रश्न तो स्वतःला विचारतो.

तो पत्रातील शब्दही मोजतो. समजा, कचऱ्याच्या १०० पत्रांपैकी ४० पत्रांत 'बक्षीस' हा शब्द आढळला आणि चांगल्या १०० पत्रांपैकी फक्त २ पत्रांत आढळला. मग 'बक्षीस' शब्द असलेल्या नव्या पत्राविषयी संशय वाढतो. उलट, तुमच्या शाळेचे नाव असेल, तर संशय कमी होतो. सर्व शब्दांचा असा हिशेब करून चाळणी पत्राला गुण देते. संशयाचे गुण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाले, की पत्र बाजूला पडते. या हिशेबामागील गणित इंग्लंडमधील थॉमस बेज यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा त्याविषयीचा लेख १७६३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्या काळी संगणक कोठे होता? पण गणित कधी जुने होत नाही!

आता आपाच्या पत्राकडे पाहा. ते एकाच वेळी शेकडो उमेदवारांना गेले होते. त्यात 'त्वरित पैसे भरा', 'शेवटची तारीख' असे शब्द होते. फसवणुकीच्या पत्रांतही हेच शब्द असतात. चाळणीला पत्राचा अर्थ माणसासारखा कळत नाही. ती फक्त अंदाज करते. म्हणून कधी कधी सुक्याबरोबर ओलेही जळते.

तुमच्या घरी दादी गहू चाळताना तुम्ही पाहिले असेल. चाळणीतून माती आणि कोंडा खाली पडतो. त्यासोबत काही बारीक पण चांगले दाणेही पडतात. दादी तो कचरा लगेच फेकत नाही. आधी त्यात बोटे फिरवून दाणे वेचते, मग बाकीचे टाकते. आपल्यालाही तसेच करायचे आहे.

बाजूला ठेवलेली पत्रे लगेच नष्ट होत नाहीत. शाळा आणि कार्यालये यांच्या ई-मेल व्यवस्थेत अशा पत्रांसाठी 'क्वारंटाइन', म्हणजे विलगीकरण, अशी वेगळी जागा असते. हाच शब्द उर्दूत 'करंतीना' होतो. युरोपात प्लेगची साथ होती, तेव्हा रोगाच्या प्रदेशातून येणाऱ्या लोकांना आणि जहाजांना शहराबाहेर थांबवत. १३७७ साली रागुसा, म्हणजे आजचे क्रोएशियातील दुब्रोवनिक, या शहराने ३० दिवसांचा नियम केला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. इटलीच्या भाषेतील 'चाळीस' या शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. जहाज थांबवले, म्हणजे ते दोषी ठरले असे नव्हे. पत्राचेही तसेच आहे.

मात्र पत्र तेथे कायम राहत नाही. उदाहरणार्थ, जीमेलच्या स्पॅम कप्प्यातील पत्र ३० दिवसांनंतर आपोआप पुसले जाते. म्हणून काही सवयी लावून घ्या.

आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा पाहा. महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असाल, तर रोज पाहा. ओळखीचे पत्र तेथे दिसले, तर आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा. केवळ नावावर जाऊ नका. नाव कोणीही कोणाचेही लिहू शकतो. पत्ता बरोबर असेल, तर 'स्पॅम नाही' हे बटण दाबा. पत्र मूळ यादीत येते आणि चाळणीही त्यातून शिकते. तो पत्ता आपल्या संपर्क यादीत लिहून ठेवा. विलगीकरणातील पत्र सोडवण्याचा अधिकार काही ठिकाणी फक्त व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला असतो. तेथे त्यांना विनंती करा.

शंका असेल, तर त्या पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नका. सोबतची फाइल उघडू नका आणि उत्तरही देऊ नका. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन न करता, आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर विचारा.

आणखी एक गोष्ट विसरू नका. चाळणीतून सुटलेला खडा दाताखाली येतोच. मुख्य यादीत आलेले प्रत्येक पत्र खरे असते, असे समजू नका. पासवर्ड किंवा ओटीपी कोणी मागितला, तर देऊ नका. फसवणुकीत पैसे गेलेच, तर मोठ्यांना लगेच सांगा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. लाजेने गप्प बसल्यास वेळ हातातून जातो.

मित्रांनो, चाळणी आपले पुष्कळ काम वाचवते. ती नसती, तर कचऱ्याच्या ढिगात एकही कामाचे पत्र सापडले नसते. पण चाळणी धरणारा हात आणि दाणे वेचणारी नजर माणसाचीच हवी. आज घरी गेल्यावर आपाला एवढेच विचारा, "आपा, तो दुसरा कप्पा पाहिलास का?"

स्वाध्याय

१. आपाचे पत्र स्पॅमच्या कप्प्यात का गेले?
२. दादीचे गहू चाळणे आणि ई-मेलची चाळणी यांत कोणते साम्य आहे?
३. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' या म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
४. 'अर्ज', 'मुदत', 'तारीख' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.